अभिज्ञान क्षेत्र, आयपी पॅकेटातील
इंटरनेट प्रोटोकॉलाच्या चौथ्या आवृत्तीनुसार (१९८१) प्रत्येक पॅकेटाच्या शीर्षभागात १६ बिटांचा एक क्रमांक असतो. तो प्रेषक संगणकाची परिचालन प्रणाली (संगणकाचे मूलभूत कामकाज चालविणारा आज्ञावलींचा संच) लिहिते. त्याच्या जागेस अभिज्ञान क्षेत्र म्हणतात. मार्गातील एखाद्या जोडणीच्या मानाने पॅकेट मोठे असल्यास (ईथरनेटची नेहमीची मर्यादा १,५०० बाइट) त्याचे खंड पाडले जातात. हे खंड क्रम सोडूनही पोचू शकतात. म्हणून प्रेषक व ग्राहक यांचे पत्ते, वरच्या स्तरावरील प्रोटोकॉल आणि अभिज्ञान क्रमांक ही सर्व ज्यांची सारखी आहेत, ते खंड एकाच पॅकेटाचे मानून ग्राहक संगणक त्यांची पुनर्जुळणी करतो. पॅकेट जाळ्यात असेपर्यंत क्रमांकाची पुनरावृत्ती होऊ नये, एवढीच मूळ अपेक्षा होती. क्रमांक कसा निवडावा, हे परिचालन प्रणालींच्या कर्त्यांवर सोडण्यात आले.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे संपूर्ण संगणकासाठी एकच गणित्र ठेवून दर पॅकेटामागे त्यात एक मिळविणे. बीएसडी युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांत व विंडोजमध्ये दीर्घकाळ हीच पद्धती होती. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही शहरांत इंटरनेट सेवा खुली केल्यानंतर घरोघरी जे विंडोज ९५ व ९८ असलेले संगणक आले, त्यांतही ती होती; मात्र क्रमांकातील दोन बाइटांचा क्रम उलटा लिहिला जाई व त्यामुळे पाहणाऱ्यास तो २५६ ने वाढताना दिसे. एवढ्या चुकीवरूनही दूरच्या संगणकावर कोणती प्रणाली आहे, याचा अंदाज करता येई.

अशा गणित्राचा दोष असा की, ते संगणकाची कामगिरी परक्यास मोजू देते. एखाद्या संगणकाकडून आलेल्या दोन उत्तरांतील क्रमांक ५०२ व ५१२ असतील, तर मधल्या काळात त्याने इतरत्र नऊ पॅकेटे पाठविली, हे उघड होते. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी १९९८ मध्ये यावरून असे दाखविले की, स्वस्थ पडून असलेल्या तिऱ्हाईत संगणकाच्या नावे खोटी पॅकेटे पाठवून व त्याचे गणित्र वाचून, स्वतःचा पत्ता उघड न करता दुसऱ्या संगणकाची दारे चाचपता येतात. स्टीव्हन बेलोव्हिन यांनी २००२ मध्ये एकाच सार्वजनिक पत्त्याआड किती संगणक आहेत, हे क्रमांकांच्या समांतर मालिकांवरून मोजण्याची रीत मांडली.

यावर यादृच्छिक क्रमांक हा उपाय सुचतो. पण १६ बिटांत केवळ ६५,५३६ क्रमांक मावतात आणि निव्वळ यादृच्छिक निवडीत सुमारे ३०० पॅकेटांतच पुनरावृत्तीची शक्यता निम्मी होते. ओपनबीएसडीने म्हणूनच नजीकच्या काळात वापरलेले क्रमांक टाळणारी यादृच्छिक योजना स्वीकारली. लिनक्सने खंड न पाडण्याची सूचना असलेल्या काही पॅकेटांत शून्य लिहिण्याची प्रथा पाडली. ही सूचना न जुमानणारी उपकरणे मार्गात असल्यास मात्र शून्यांची गल्लत होऊ शकते. उरलेल्या पॅकेटांसाठी २०१४ पासून लिनक्समध्ये २,०४८ गणित्रांचा संच आला. पत्ते, प्रोटोकॉल व गुप्त किल्ली यांवरून त्यांतील एक निवडले जाई व ते यादृच्छिक टप्प्यांनी वाढे. तथापि बार-इलान विद्यापीठाच्या अमित क्लाइन व बेनी पिंकास यांनी २०१९ मध्ये लिनक्स व विंडोज या दोहोंतील किल्ली क्रमांकांवरून शोधून काढता येते, असे सिद्ध केले. किल्ली कळली की तेच यंत्र जाळे बदलले तरी ओळखता येते, म्हणजे ते वापरणाऱ्या व्यक्तीचाही माग लागतो. दोन्ही प्रणालींत त्यानंतर सुधारणा झाल्या.

मूळ अपेक्षा शब्दशः पाळणेही आज अशक्य आहे. पॅकेट दोन मिनिटे जाळ्यात राहू शकते असे धरल्यास, १,५०० बाइटांच्या पॅकेटांनी सेकंदाला सुमारे ६५ लाख बिटांपलीकडे क्रमांक पुरत नाहीत. म्हणून २०१३ मध्ये मानकात दुरुस्ती होऊन, खंडित न झालेल्या व पुढे खंड पडू न देणाऱ्या पॅकेटातील हा क्रमांक निरर्थक ठरविण्यात आला. सहाव्या आवृत्तीच्या मुख्य शीर्षभागात हे क्षेत्रच नाही. तेथे खंड केवळ प्रेषक पाडतो व त्यासाठीच्या जोड शीर्षभागात ३२ बिटांचा क्रमांक देतो.