हत्तींच्या गावी मुक्काम

‘हत्तीवर बसायला मिळेल ना?’ थायलंडच्या सहलीला निघालेला माणूस हमखास विचारतो. चिआंग माईजवळच्या ‘एलिफंट नेचर पार्क’मध्ये मुक्कामाला गेलात, तर उत्तर ‘नाही’ असंच मिळतं. त्यामागे कारण आहे.

१९८९ साली थायलंडमध्ये जंगलतोडीवर बंदी आली. झाडं वाचली, पण ओंडके ओढणारे हत्ती बेकार झाले. त्यांना रोज दीडशे किलो चारा घालायचा कुठून? माहुतांनी पर्यटकांकडे धाव घेतली. आता, हत्ती काही आपणहून कुणाला पाठीवर घेत नाही. त्यासाठी पिल्लाला आईपासून तोडतात, लाकडी चौकटीत जखडतात, अंकुश टोचून त्याची जिद्द मोडतात. तिकडे याला ‘फाजान’ म्हणतात.

लेक चैलर्ट या बाईंनी वेगळी वाट काढली. पैसा पर्यटकांचाच, पण हत्तींना सांभाळण्यासाठी. पाहुण्यांनी कलिंगडं धुवायची, चारा तयार करायचा आणि हत्तींना दुरून पाहायचं.

ओंडके ओढण्याच्या कामात मालकाच्या छळाने आंधळी झालेली जोकिया १९९९ साली इथे आली. मे पर्म नावाची हत्तीण आपणहून तिची काठी झाली. २०१६ साली मे पर्म वारली, तोवर ही सोबत सुटली नाही.

हत्ती झोपतो थोडा, खातो फार. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांचं चघळणं ऐकावं. पाटीवर ‘अभयारण्य’ कुणीही लिहील. तिकीट काढण्याआधी आपणच विचारावं, ‘हत्तीवर बसवत नाही ना?’