नवी डिस्क, जुनी सही
नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरून नवी एसएसडी आणली, जुन्या हार्ड डिस्कचं क्लोनिंगही शंभर टक्के झालं, तरी विंडोज सुरूच होत नाही. डिस्कला दोष देण्याआधी जुनी डिस्क काढून पाहा. क्लोनमध्ये फायलींबरोबर डिस्कची सहीही हुबेहूब उतरते. एकच ओळखपत्र घेऊन दोघे दारात आले, की विंडोज एकाला ऑफलाइन ठेवतं. तरीही अडलं, तर बायोसमधला बूटचा क्रम तपासा. आणि क्लोन एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीचा असेल, तर निव्वळ यूईएफआय मोडमध्ये तो सुरू होत नाही. शिवाय 512 बाइटच्या सेक्टरांवर एमबीआरची धाव साधारण 2 टीबीपर्यंतच. नवी डिस्क मोठी, पण तिची वाढीव जागा जोडता येत नाही? बहुधा मधे रिकव्हरी पार्टिशन आडवं पडलेलं असतं. जुनी डिस्क मात्र महिनाभर तरी फॉरमॅट करू नका.