कपाटात लपल्यावर मेंदूत काय होतं?

‘व्हिडिओ गेमची कसली आलीय भीती? नको वाटलं तर बंद करायचा!’ भयकथांच्या गप्पांत गेमचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. असं म्हणणारी माणसं अरसिक नसतात. नारायण धारपांची कादंबरी रात्री एकट्यानं वाचायची नाही, हा नेम त्यांतल्या अनेकांनी मनापासून पाळलेला असतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी त्यांची झोप उडवलेली असते. छापील अक्षरांनी अंगावर काटा येतो, हे त्यांना मान्य आहे. पण हातात बटणं, समोर रंगीत चित्रं आणि मेलं तरी पुन्हा उठून उभं राहणारं पात्र असताना भय येणार कुठून, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र गेल्या पंचवीसेक वर्षांत मेंदूविज्ञानानं आणि गेम घडवणाऱ्यांनी मिळून दिलं आहे, आणि ते शंका घेणाऱ्याच्या विरोधात जाणारं आहे.

आधी या शंकेची सगळ्यांत भक्कम मांडणी पाहू. ती एका तत्त्वज्ञानं केली आहे. अमेरिकेतले केंडल वॉल्टन यांनी 1978 मध्ये काल्पनिक गोष्टींच्या भीतीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी चार्ल्स नावाचा एक प्रेक्षक कल्पिला. पडद्यावर एक हिरवा, बुळबुळीत, भयंकर गोळा वाटेत येईल ते गिळत थेट त्याच्या रोखानं सरकतो. चार्ल्स किंचाळतो, खुर्ची घट्ट धरतो, त्याची छाती धडधडते. पण तो उठून पळत नाही, पोलिसांना बोलावत नाही. खरी भीती माणसाला काहीतरी करायला भाग पाडते. चार्ल्स काहीच करत नाही, तेव्हा त्याला वाटतं ते भय नव्हे, भयासारखं दुसरंच काही, असं वॉल्टन यांचं म्हणणं. त्यावर तत्त्वज्ञांत पुष्कळ वाद झाला. मला त्यातला एकच धागा उचलायचा आहे, तो म्हणजे कृतीची कसोटी. कारण याच कसोटीवर गेम पुस्तकाच्या आणि सिनेमाच्या पुढे जातो. गेममध्ये खुर्ची धरून बसून भागत नाही. पळायचं की लपायचं, दार उघडायचं की नाही, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं, आणि तेही लगेच.

एक गेम जरा जवळून पाहू. ‘एलियन: आयसोलेशन’ हा गेम ब्रिटनमधल्या क्रिएटिव्ह असेम्ब्ली या कंपनीनं घडवला आणि तो 2014 मध्ये आला. रिडली स्कॉट यांच्या 1979च्या ‘एलियन’ या सिनेमाला जोडून त्याची गोष्ट रचलेली आहे. सिनेमातल्या एलन रिप्लीची मुलगी अमांडा आईचा माग काढत सेव्हास्तोपोल नावाच्या मोडकळीला आलेल्या अवकाश स्थानकावर पोचते. तिथे तो प्राणी मोकाट असतो. बंदुकीच्या गोळ्यांना तो दाद देत नाही. आगीचा झोत फेकणारं हत्यार पुढे हाती लागतं, पण त्यानंही तो तेवढ्यापुरताच मागे हटतो. मग उरतं लपणं.

लोखंडी कपाटात शिरायचं. दाराच्या फटींतून बाहेरची खोली तुकड्यातुकड्यांनी दिसते. जड पावलांचा आवाज जवळ येतो, शेपटी दिसते, मग काहीच दिसत नाही. प्राणी कपाटाशी येऊन थांबला की बटण दाबून मागे टेकायचं आणि अमांडाचा श्वास रोखायचा. आसपास काही हललं की इशारा देणारं एक यंत्र खेळाडूकडे असतं, पण त्याची टिकटिक प्राण्यालाही ऐकू जाऊ शकते. गेम सेव्ह करायचा तर भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यात पाठीमागून झडप पडू शकते. काही कन्सोलवर तर खेळाडूच्या घरातला खराखुरा आवाज मायक्रोफोनमधून गेमपर्यंत पोचवायची सोय होती. तुम्ही खोकलात, की प्राणी तुमच्याकडे वळलाच.

या प्राण्यामागची रचना मला सगळ्यांत विलक्षण वाटते. तिच्यात दोन पातळ्यांवर काम चालतं. वरच्या पातळीवरच्या प्रोग्रामला खेळाडू कुठे आहे हे कायम ठाऊक असतं, पण तो प्राण्याला नेमकी जागा सांगत नाही. साधारण कोणत्या भागात शोधायचं, एवढाच इशारा देतो. खालच्या पातळीवर असतात प्राण्याचे स्वतःचे डोळे आणि कान. जे दिसेल, जे ऐकू येईल, त्यावरून तो माग काढतो. वरचा प्रोग्राम खेळाडूवर किती दडपण आलं आहे याचाही अंदाज ठेवतो. प्राणी बराच वेळ जवळपास घोटाळला, तर तो त्याला छतातल्या हवेच्या मार्गांत परत पाठवतो. खेळाडूला जरा दम खाऊ देतो आणि पुन्हा प्राणी खाली उतरवतो. गेम पुढे सरकतो तशा प्राण्याच्या वागण्यात नव्या तऱ्हा येत जातात. सिनेमातली दचकवण्याची जागा दुसऱ्या वेळी आपल्याला पाठ असते. इथे जागाच ठरलेली नाही, तर पाठ काय करणार?

आता मेंदूकडे वळू. भीतीचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनीच व्हिडिओ गेम वापरल्याचं एक ठळक उदाहरण आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डीन मॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग 2007 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. माणसांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि पडद्यावरच्या साध्या चक्रव्यूहात एक खूण इकडून तिकडे पळवायला दिली. तिच्यामागे संगणकानं चालवलेला शिकारी. त्यानं गाठलं, तर हाताला विजेचा झटका. शिकारी लांब असताना कपाळामागचा, परिस्थिती जोखून धोरण ठरवणारा भाग जास्त काम करत होता. शिकारी जवळ आला तसा कामाचा भर मेंदूत खोलवर असलेल्या, पेरिॲक्विडक्टल ग्रे नावाच्या अतिप्राचीन भागाकडे सरकला. जागीच थिजणं, पळ काढणं, झुंजणं या क्रिया तिथून चालतात. सशामागे कोल्हा लागला की सशाच्या मेंदूतही हाच भाग जागा होतो.

झटका खरा होता, मग भीती खरी असणारच, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. या प्रयोगातून कळतं ते इतकंच, की पडद्यावरचं अंतर मेंदू खऱ्या अंतरासारखं मोजतो. पण झटक्याविना काय होतं, हेही पाहिलं गेलं आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मायकेल मीहन आणि सहकाऱ्यांनी लोकांना आभासी वास्तवाचा संच डोळ्यांवर चढवून एका खोलीत नेलं. तिथली जमीन मधोमध गायब होती आणि सुमारे 20 फूट खाली दुसरी खोली दिसत होती. आपण प्रयोगशाळेच्या सपाट फरशीवर उभे आहोत, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी खड्ड्याच्या काठाशी त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. पायाखाली जेमतेम दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवली, तेव्हा ते आणखी वाढले. हे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे आजच्या मानानं चित्रं अगदीच ओबडधोबड होती.

‘हे खोटं आहे’ ही माहिती इथे कामाला येत नाही, कारण ती उशिरा पोचते. मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत असलेला बदामाएवढा अमिग्डाला धोक्याची खूण दिसताच हुकूम सोडतो. एड्रिनॅलिन रक्तात उतरतं, तळहात घामेजतात, स्नायू ताणले जातात. विचार त्यानंतर येतो आणि प्रतिक्रिया आवरायला लागतो. मोठ्या, अचानक आवाजाला पापणी मिटते ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत. एवढ्या वेळात ‘हा तर गेम आहे’ असं मनात आणणं कुणालाच जमणार नाही. कपाटात लपलेला खेळाडू प्रत्यक्षातही स्वतःचा श्वास धरून बसतो, तो याच यंत्रणेमुळे. पात्राचा श्वास रोखायला बटण आहे, स्वतःचा रोखायला कुणी सांगितलेलं नसतं.

इंडियाना विद्यापीठातल्या टेरेसा लिंच आणि निकोल मार्टिन्स यांनी 269 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना गेममधल्या भीतीविषयी विचारलं. त्यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी गेम खेळताना घाबरल्याचं सांगितलं. काळोख, विद्रूप माणसं, झोंबी आणि पुढे काय येईल ते ठाऊक नसणं, ही त्यांनी दिलेली कारणं. खेळ आपल्या हातात असण्याचाही त्या भीतीत वाटा होता.

काळोखाचं कारण प्रयोगांतही टिकलं आहे. अंधारात माणूस आवाजाला जास्त जोरात दचकतो, हे 1990च्या दशकातच मोजून दाखवलं गेलं. आवाजाबद्दल तर याहून नेमकं सांगता येतं. 2015 मध्ये ल्यूक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की किंकाळीचा जोर सेकंदाला 30 ते 150 वेळा इतक्या झपाट्यानं कमीजास्त होतो आणि त्यातून येणारा खरखरीतपणा अमिग्डालाला चाळवतो. साध्या बोलण्यात हा खरखरीतपणा नसतो. कोनामी कंपनीच्या ‘सायलेंट हिल’मध्ये 1999 सालीच हे दोन्ही होतं, काळोखही आणि खरखरही. त्या काळच्या प्लेस्टेशनला लांबवरचं दृश्य रंगवायची ताकद नव्हती, म्हणून गेमकारांनी सगळं गाव धुक्यात बुडवलं. राक्षस दिसायच्या आधी खेळाडूच्या खिशातला रेडिओ खरखरायला लागायचा. यंत्राच्या मर्यादेतून इतकं उत्तम भय निर्माण झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

राहिला मुद्दा पुन्हा जिवंत होण्याचा. पात्र परत येतं, गेलेला अर्धा तास परत येत नाही. कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’नं 1996 मध्ये हे हेरलं आणि गेम सेव्ह करणंच दुर्मीळ केलं. त्यासाठी टाइपरायटरची शाईची रिबन लागायची आणि रिबनी मोजक्याच मिळायच्या. गोळ्याही मोजक्याच. गमावण्यासारखं काहीतरी हाताशी असलं, की बंद दारासमोर पाय अडखळतो.

अर्थात सगळे भयगेम असे नसतात. दर वळणावर कर्कश आवाजासह चेहरा अंगावर फेकणारे गेम पुष्कळ आहेत. त्यांना मी भयगेम म्हणणार नाही, ते नुसते दचकवतात. चांगल्या गेमचीही एक अडचण आहे. एकाच जागी चार-पाच वेळा मरण आलं की भीती ओसरते आणि वैताग उरतो. मेंदूला सवय होते. त्या क्षणी शंकेखोराचं म्हणणं खरं ठरतं. ‘एलियन: आयसोलेशन’सुद्धा काही ठिकाणी असा लांबतो.

माणसं हे हौसेनं का करतात, याचा शोध डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातले संशोधक घेतात. त्यांनी व्हायला या गावातल्या एका भयघरात 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून सोडलं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की भीती अगदी कमी वाटली तेव्हा मजा आली नाही, फार वाटली तेव्हाही नाही. सगळ्यांत जास्त मजा मधल्या पट्ट्यात होती. दडपण वाढलं की प्राण्याला छतात परत पाठवणारा प्रोग्राम हेच तर साधत असतो.

अजून पटत नसेल, तर वाद घालण्यापेक्षा एकदा खेळून पाहा. ‘एलियन: आयसोलेशन’ 2021 पासून फोनवरही मिळतो. रात्री दिवे मालवा, कानांवर हेडफोन चढवा, शेजारी कुणाला बसवू नका. गप्पा मारत, खात-पीत खेळलात तर काहीच वाटणार नाही, तसं धारप वाचतानाही वाटत नाही. सुरुवात संथ आहे, तेवढी निभावून न्या आणि प्राणी दिसल्यावर निदान एक तास सोडू नका. मुलांना मात्र यापासून लांब ठेवा. युरोपात या गेमला 18 वर्षांवरच्यांसाठीचं वर्गीकरण दिलेलं आहे.