विश्लेषण : गाडी विकली, तरी मालक तुम्हीच?

पैसे मिळाले, चावी दिली, कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या की व्यवहार संपला, असे गाडी विकणाऱ्या अनेकांना वाटते. कायदा तसे मानत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच सांगितले. त्यातील गाडी 2007 मध्ये विकली गेली, पुढे आणखी हात बदलले. 2009 मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली ती मूळ मालकावर, कारण नोंद त्याच्याच नावे राहिली होती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30. कर्ज फिटले असल्यास बँकेचा फॉर्म 35. ‘नाव नंतर करून घेतो’ म्हणणाऱ्या खरेदीदारापासून सावधच राहावे. दलाल तर कित्येकदा गाडी स्वतःच्या नावावर न करताच पुढे विकतो.

ताबा देताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहावी आणि दोघांनी सह्या कराव्यात. त्याच संध्याकाळी सिग्नल तोडला गेला, तर ई-चलन कोणाचे हे त्यावरूनच दाखवता येते. फास्टॅग बंद करायला हमखास विसरले जाते आणि टोल जुन्याच खात्यातून जात राहतो. विम्यातला नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचाच. कंपनीकडून प्रमाणपत्र घेतल्यास तो नव्या गाडीला वापरता येतो.

नाव बदलले की नाही, हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येते.