दहा बाय पाचचा तुकडा

शेत सोयाबीनचं. पीक पिवळं पडलंय, शेंगा वाळल्यात. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात कृषी खात्याचा कर्मचारी उभा राहतो. लांबी-रुंदी पावलांनी मोजून झालेली असते आणि यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून दोन आकडे निघालेले असतात. समजा 47 आणि 12 आले. मग बांधाच्या कडेनं 47 पावलं जायचं, तिथून शेतात 12 पावलं आत शिरायचं आणि खुंटी ठोकायची. तिथून 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद आयत आखायचा. कर्ण 11.18 मीटर भरला तर कोपरे काटकोनात आले, नाही तर दोर पुन्हा ताणायचा. मग आतलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. पुढे वाळल्यावर वजन किती घटतं तेही पाहायचं.

हाच पीक कापणी प्रयोग. तुकडा 50 चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. धान्य 9 किलो भरलं तर हेक्टरी उत्पादन 18 क्विंटल. काट्यावर 100 ग्रॅमची चूक झाली, तर हेक्टरी हिशेबात तिची 20 किलो होते.

खुंटी नेमकी पाणी साचून पीक जळालेल्या जागी पडली तरी हलवायची नाही. पलीकडे पीक भरघोस असलं तरीही नाही. मला या कामातली सर्वांत अवघड गोष्ट हीच वाटते. शेतकरी बांधावर उभा असतो, सोबतच्या माणसालाही वाटतं की ‘चांगलं’ पीक मोजावं, आणि तक्त्यातला आकडा मात्र दोघांचंही ऐकत नाही.

पूर्वी पीक किती आलं याचा निर्णय नजरेवर होता. सोळा आणे पीक म्हणजे भरपूर, आठ आणे म्हणजे निम्मं. आणेवारीची ही मोजपट्टी महाराष्ट्रात पैसेवारीच्या रूपानं आजही टिकून आहे आणि टंचाई जाहीर करताना पन्नास पैशांची रेघ अजून बोलते. पण अधिकाऱ्याची नजर सावध असते. चांगल्या वर्षी ती आकडा कमी धरते, वाईट वर्षी तुटीचा अंदाज तिला पुरता येत नाही. बिहार-ओरिसात जॉन हबॅक या अधिकाऱ्यानं 1920च्या दशकात भाताचे तुकडे यादृच्छिक पद्धतीनं कापून पाहिले आणि 1927 मध्ये त्यावर लिहिलं. पुढे बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी मोठ्या प्रमाणावर नमुना पाहण्या उभ्या केल्या.

इथं दोन मराठी माणसं येतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनमध्ये संख्याशास्त्र शिकून आले आणि 1940 मध्ये कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. दुसरे व्ही. जी. पानसे, इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले. महालनोबीस यांचा भर छोट्या तुकड्यांवर होता, कारण ते स्वस्त पडतात आणि जास्त ठिकाणी घेता येतात. सुखात्मे म्हणाले, छोटा तुकडा उत्पादन फुगवून दाखवतो. कारण साधं आहे. काठावरचं झाड आत की बाहेर, असा प्रश्न पडला की हात ते आत ओढतो. एक चौरस मीटरच्या तुकड्याला चार मीटर काठ असतो, तर 50 चौरस मीटरच्या तुकड्याला फक्त तीस. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे काठ सहा-सात पट कमी. हा वाद ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या पानांपर्यंत गेला. तालुक्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यायचं तर पद्धत त्यांच्या हाताला पेलली पाहिजे, हा सुखात्म्यांचा आग्रह मला आजही पटतो.

1951 मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले आणि 1970 पर्यंत तिथं राहिले. नव्यानं स्वतंत्र होणाऱ्या देशांना शेतीची आकडेवारी उभी करायला मदत करण्याचं काम त्या वर्षांत त्यांच्याकडे होतं. दिल्लीतली धुरा पानसेंनी सांभाळली. शेतीतल्या माणसांसाठी दोघांनी मिळून लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 मध्ये आलं आणि कृषी विद्यापीठांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

मोजणीनं काय बदलतं याचं अलीकडचं उदाहरण युगांडातलं आहे. मक्याचं उत्पादन शेतकऱ्याला विचारून लिहिलं, तेव्हा लहान शेतात हेक्टरी पीक जास्त दिसत होतं. त्याच शेतांत तुकडे कापून मोजलं, तेव्हा हा फरक उरला नाही. लहान शेतकरी जास्त पिकवतो या अर्थशास्त्रातल्या जुन्या समजुतीलाच त्यानं धक्का बसला.

आपल्या राष्ट्रीय उत्पन्नातला शेतीचा वाटा याच तुकड्यावर उभा आहे. सातबाऱ्यावरच्या पीक पाहणीतून क्षेत्र, कापणीतून उत्पादकता, बाजारातून भाव. 1949 च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबीस यांच्यासोबत अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. त्यांच्यापुढची खरी अडचण सूत्रांची नव्हती, भरवशाच्या आकड्यांची होती.

पीक विमाही याच प्रयोगावर अवलंबून आहे. 2016 पासूनच्या योजनेत मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायतीत किमान चार प्रयोग. त्यामुळे त्या आयताला पैशाचं वजन आलं. उत्पादन कमी निघालं तर शेतकऱ्याला भरपाई, जास्त निघालं तर कंपनीचा बचाव, आणि दोघांच्या मध्ये टेप धरलेला एक कर्मचारी, ज्याच्याकडे इतर गावंही असतात आणि इतर कामंही. मोबाइलवर फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश घेतले जातात, ते योग्यच. उपग्रहाचे अंदाजही आले आहेत, पण ते पडताळायला पुन्हा शेतात कापलेलाच तुकडा लागतो. कापणीचे ते आठ-पंधरा दिवस त्या माणसाला दुसरं काम देऊ नये, ही मागणी मला कुठल्याही नव्या ॲपपेक्षा महत्त्वाची वाटते.

कारण पुढचा हिशेब याहून मोठा आहे. परिसंस्थांच्या लेख्यांची आंतरराष्ट्रीय चौकट मार्च 2021 मध्ये मान्य झाली. तिच्या तयारीच्या प्रकल्पात ब्राझील, चीन, मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिकेबरोबर भारतही होता. आपलं सांख्यिकी मंत्रालय 2018 पासून पर्यावरण लेख्यांचे अहवाल काढतं. अशा लेख्यांत पीक हे जमिनीनं दिलेलं देणं म्हणून नोंदवलं जातं, आणि ते देताना जमीन आणि पाणी किती झिजलं हेही विचारलं जातं. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. म्हणजे उसाचा उतारा एका खात्याच्या वहीत आहे आणि त्याच शिवारातल्या विहिरीचं पाणी दुसऱ्या खात्याच्या. दोन्ही आकडे गावाच्या एकाच पानावर आणण्याचं शिक्षण तालुक्याच्या कर्मचाऱ्याला द्यावं लागेल, आणि ते देणारी माणसं प्रत्येक जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात नेमावी लागतील.