बनावट व्याख्या आणि कोशाचे प्रामाण्य

इंग्रजी भाषिक देशांत घरगुती करमणुकीचा एक परिचित खेळ आहे. त्यास लागणारे साहित्य म्हणजे एक मोठा शब्दकोश, कागदाचे काही चिटोरे आणि पेन्सिली, एवढेच. एक खेळाडू कोशातून असा शब्द निवडतो की, ज्याचा अर्थ उपस्थितांपैकी कोणासही ठाऊक नसावा. बाकीचे खेळाडू त्या शब्दाची एकेक काल्पनिक व्याख्या लिहून देतात आणि शब्द निवडणारा कोशातील खरी व्याख्या उतरून घेतो. नंतर सर्व व्याख्या एकाच स्वरात वाचून दाखविल्या जातात. खरी व्याख्या ओळखणाऱ्यास गुण मिळतो. ज्याच्या खोट्या व्याख्येस इतर भुलतात त्यासही मिळतो. १९६५ मध्ये बी. बी. सी.ने ‘कॉल माय ब्लफ’ ह्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात ह्याच कल्पनेचे एक रूप प्रेक्षकांपुढे आणले. त्यात तीन-तीन जणांचे दोन पक्ष असत. एका शब्दाचे तीन अर्थ सांगितले जात आणि त्यांपैकी एकच खरा असे. १९८४ मध्ये कॅनडात ‘बॉल्डरडॅश’ ह्या नावाने हा खेळ पेटीबंद स्वरूपात विक्रीस आला.

खेळ करमणुकीचा असला, तरी त्यातून उद्भवणारा प्रश्न कोशशास्त्राच्या मुळाशी जाणारा आहे. ज्यास शब्दाचा अर्थच ठाऊक नाही, तो खोट्या व्याख्येस खरी कशावरून मानतो? अर्थाशी ताडून पाहण्याचा मार्ग त्यास बंद असतो. उरते ते केवळ व्याख्येचे बाह्य रूप. नामाची व्याख्या नामानेच करावी. प्रथम पदार्थाची जाती सांगावी, मग त्यास इतरांपासून वेगळा करणारा विशेष सांगावा. वाक्य पूर्ण करू नये. शैली कोरडी ठेवावी आणि जमल्यास प्रांताचा किंवा व्यवसायाचा निर्देश जोडावा, हे कोशकाराचे संकेत वाचकाच्या अंगवळणी पडलेले असतात. जो खेळाडू हे संकेत पाळतो, तो जिंकतो. जो हशा पिकविण्याच्या मोहात पडतो, त्याची व्याख्या चटकन ओळखली जाते.

मराठीतील उदाहरण घ्यावयाचे, तर महसुली व्यवहाराशी संबंध न आलेल्या मंडळींपुढे ‘पोटखराबा’ हा शब्द ठेवून पाहावा. पुढील तीन व्याख्या एकाच स्वरात वाचल्या आहेत, असे समजू. (१) अपचनामुळे गुरांस होणारा एक विकार. (२) सर्व्हे नंबराच्या हद्दीतील लागवडीस अयोग्य जमीन. (३) साठवणीच्या धान्यात कीड लागून येणारी तूट. पहिलीकडे मन ओढले जाते, कारण ‘पोट’ आणि ‘खराब’ हे दोन्ही अवयव ओळखीचे आहेत. तिसरी व्याख्या कोठाराच्या हिशेबातील वाटते आणि तिला एक प्रकारचा पोक्तपणा आहे. खरी मात्र दुसरी. सातबाराच्या उताऱ्यात हा शब्द आजही आढळतो. येथे ‘पोट’ हा शरीराचा अवयव नसून ‘अंतर्गत, उपविभागरूप’ असा अर्थ देणारे पूर्वपद आहे. पोटजात, पोटकलम, पोटहिस्सा ह्या शब्दांत तेच दिसते. ‘खराबा’ हे अरबी-फारसी मुळाचे उत्तरपद त्यास जोडले गेले आहे. पहिल्या व्याख्येस भुललेला मनुष्य मूर्ख ठरत नाही. त्याने अवयवार्थावरून समुदायार्थ काढला आणि पूर्वपदाचा रूढ अर्थ घेतला, इतकेच. लोकव्युत्पत्ती नेमकी ह्याच वाटेने चालते. अर्थ व प्रक्रिया ह्यांचा मेळ न बसल्यास अक्षराच्या किंवा वर्णाच्या साम्यावरूनही निर्वचन करावे, पण शब्द निर्वचनावाचून सोडू नये, असे यास्काने निरुक्तात सांगितले आहे. कोड्यात पडलेला खेळाडू नकळत तोच उपदेश पाळत असतो.

बनावट व्याख्येचा दोष नेमका कोणता, हे न्यायशास्त्राच्या परिभाषेत नीट सांगता येते. लक्षणाचे दोष तीन मानले आहेत. ‘कपिल वर्णाची ती गाय’ असे म्हटल्यास इतर वर्णांच्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ असे म्हटल्यास म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एक खूर असलेली ती गाय’ असे म्हटल्यास ते लक्षण एकाही गाईस लागू पडत नाही, हा असंभव. कुशल खेळाडूची व्याख्या आटोपशीर व काटेकोर असते; तिचा दोष असतो तो असंभवाचा. परंतु असंभव हा दोष लक्षणाच्या शब्दांकडे कितीही वेळ पाहिले, तरी दिसत नाही. त्यासाठी लक्ष्याकडे, म्हणजे प्रत्यक्ष गाईकडेच पाहावे लागते. शब्दाच्या बाबतीत लक्ष्य म्हणजे त्याचा प्रयोग. प्रयोग समोर नसेल, तर खरी आणि खोटी व्याख्या ह्यांत वाचकापुरता भेद उरत नाही.

हा धोका खेळापुरता मर्यादित नाही, ह्यास कोशांच्या इतिहासात साक्ष आहे. १९३४ च्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द छापला गेला आणि त्याचा अर्थ ‘घनता’ असा देण्यात आला. वस्तुतः १९३१ मध्ये लिहिलेल्या एका चिठ्ठीत ‘डी’ हे मोठे किंवा छोटे अक्षर घनतेचा संक्षेप म्हणून वापरतात, एवढीच नोंद होती. मधला ‘किंवा’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द दोन्ही अक्षरांस जोडून वाचला गेला आणि एक नवा शब्द जन्मास आला. १९३९ मध्ये एका संपादकास ह्या नोंदीत व्युत्पत्ती नसल्याचे दिसले, तेव्हा चूक उघडकीस आली. अशा शब्दांना स्कीट ह्या इंग्रज भाषापंडिताने १८८६ मध्ये ‘भूतशब्द’ ह्या अर्थाचे नाव दिले होते.

दुसरे उदाहरण हेतुपूर्वक केलेल्या बनावटीचे आहे. २००१ च्या न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशात ‘एस्क्विव्हेलियन्स’ हा कल्पित शब्द घालण्यात आला. आपल्या नोंदी कोणी चोरून उतरल्यास ते कळावे, हा उद्देश. अर्थ दिला होता, ‘अधिकृत कर्तव्ये जाणूनबुजून टाळणे’. सोबत फ्रेंच क्रियापदापासूनची संभाव्य व्युत्पत्तीही जोडलेली होती. २००५ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध झाली. ‘डॉर्ड’ला व्युत्पत्ती नव्हती म्हणून तो पकडला गेला, ह्या शब्दास ती होती, म्हणून तो अधिक विश्वसनीय वाटला. म्हणजे व्युत्पत्ती हाही पुरावा नव्हे, तीही बनविता येते.

कोशाचे प्रामाण्य शेवटी अवतरणांवर उभे असते. १८८४ ते १९२८ ह्या काळात प्रकाशित झालेल्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची सारी रचना वाचकांनी ग्रंथांतून टिपलेल्या प्रयोगांवर झाली. मराठीत दाते-कर्वे ह्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अनेक अर्थांपुढे प्राचीन ग्रंथांतील अवतरणे दिलेली आहेत, ती शोभेसाठी नव्हेत. संशोधकाने जुन्या पोथीतील वा दप्तरातील दुर्बोध शब्दाचा अर्थ कोशातून उचलताना त्यापुढील अवतरण प्रथम पाहावे. अवतरण नसल्यास तो अर्थ सिद्ध न मानता केवळ सूचना मानावा. एका कोशातील अर्थ दुसऱ्यात आढळला, एवढ्यावरून साक्षीदार दोन झाले असेही समजू नये, कारण दुसऱ्याने पहिल्याचीच नक्कल केलेली असणे शक्य असते.

येथे एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. शब्द आणि अर्थ ह्यांचा संबंध लोकव्यवहारातील संकेताने ठरतो. एखादी बनावट व्याख्या उद्या समाजाने स्वीकारली आणि त्या अर्थाने शब्द बोलण्यात व लिहिण्यात रुळला, तर ती व्याख्या खरी होईल. पण तेव्हाही तिला खरेपणा येईल तो प्रयोगामुळे. ती कोशात छापली गेली होती म्हणून नव्हे.