प्लॅक्सो

प्लॅक्सो ही संगणकातील पत्तेवही आपोआप अद्ययावत ठेवणारी एक अमेरिकन ऑनलाइन सेवा होती. नॅपस्टरचे सहसंस्थापक शॉन पार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. २००२ मध्ये ती सुरू केली. ३१ डिसेंबर २०१७ रोजी ती बंद झाली.

कार्यपद्धती

मायक्रोसॉफ्ट आउटलुकला जोडलेले प्लॅक्सोचे सॉफ्टवेअर वापरकर्त्याची पत्तेवही कंपनीच्या सर्व्हरवर नेत असे. एका सदस्याने स्वतःचा दूरध्वनी क्रमांक बदलला, की त्याच्याशी जोडलेल्या इतर सदस्यांच्या पत्तेवहीतही तो आपोआप बदले. सदस्य नसलेल्यांना मात्र वापरकर्त्याच्या नावाने ईमेल जाई व आपली माहिती तपासून कळवण्याची विनंती त्यात असे.

उपद्रव आणि टीका

सेवेची बदनामी झाली ती या विनंतीपत्रांमुळे. पत्तेवही ही मित्रांची यादी नसते. एकदाच पत्रव्यवहार झालेला दुकानदार, जुना वरिष्ठ, एखाद्या टपालसूचीचा सामाईक पत्ता, सारेच तीत साठलेले असते. संपूर्ण वही निवडून विनंती धाडणे सोपे होते. ती टपालसूचीवर गेली, तर एका व्यक्तीचा प्रश्न सूचीतील सर्वांच्या दारी पोहोचे. पत्र ओळखीच्या नावाने आल्यामुळे त्याला जाहिरात म्हणून दुर्लक्षिणे अवघड, आणि उत्तर दिले तर माहिती तिसऱ्याच कंपनीकडे जाणार, अशी प्राप्तकर्त्याची कोंडी होत असे. सोय एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे, हा या रचनेचा मूळ दोष होता. पत्रे थांबवण्याची सोय कंपनीने ठेवली होती. पण ती वापरण्याचा खटाटोपही पत्र न मागणाऱ्यानेच करायचा होता. अखेर इ.स. २००६ मध्ये कंपनीने ही पत्रे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. इ.स. २००८ मध्ये कॉमकास्टने प्लॅक्सो विकत घेतली.

समान प्रकरणे

संमतीची मर्यादा कोठे संपते, हा प्रश्न पुढे लिंक्डइनविरुद्धच्या दाव्यात न्यायालयापुढे आला. पत्तेवहीतील लोकांना पहिले निमंत्रण पाठवण्यास वापरकर्त्यांनी संमती दिली होती; उत्तर न आल्यास त्यांच्याच नावाने जाणाऱ्या स्मरणपत्रांना नव्हे, असा वादींचा मुद्दा होता. इ.स. २०१५ मध्ये कंपनीने १.३ कोटी डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली. तडजोडीची रक्कम वापरकर्त्यांसाठी होती. स्मरणपत्रे ज्यांना मिळाली, ते या दाव्यात पक्षकार नव्हते.